पर्याय नसलेली संमती

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी एक आकडा दिला. बीड जिल्ह्यात आधीच्या तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढण्यात आली होती. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी मोठी तफावत तेवढ्यानं भरून निघत नाही.

तेव्हा बरीच खळबळ झाली. डॉक्टरांवर, मजूर पुरवणाऱ्या मुकादमांवर, साखर कारखान्यांवर बोटं रोखली गेली आणि सगळीकडून एकच उत्तर आलं: आम्ही जबरदस्ती केली नाही. बाई आपल्या पायांनी आली, नवरा सोबत होता, कागदावर सही आहे, पैसे त्यांनीच भरले. काही ठिकाणी कॅन्सरची भीती घालून, गरज नसताना ऑपरेशनं झाली. ती सरळ फसवणूक आहे आणि तिला शिक्षाच हवी. पण अशी प्रकरणं बाजूला काढली तरी उरलेल्यांत संमती खरोखर दिलेली होती, असं मला वाटतं. आणि तरीही तिथे घोर अन्याय झाला, असंही माझं ठाम मत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात हे मजुरी, उत्पन्न आणि दारिद्र्यरेषेच्या हिशेबातून कळत नाही.

ज्यांनी तोडीचा हंगाम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. दसरा झाला की बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी अशा कोरडवाहू भागांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. उचल मिळते ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो आणि त्याला टोळीत सहसा कुणी घेत नाही. उचल फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा पट्टा पडेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत, दोघांनी तोडत राहायचं. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपयांच्या घरात दंड.

बाईचा दिवस पहाटे तीन-चारला चुलीपाशी सुरू होतो. मग फड. ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. गाडी रात्री लागली तर रात्री भरायची. राहायला ताडपत्रीची नाहीतर पाचटाची कोपी. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांत वापरलेलं कापड धुवायला पुरेसं पाणी नसतं आणि उन्हात वाळत घालायला जागा नसते. कंबर भरून येते, ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जायला लागतं. हे सगळं अंगावर काढलं जातं, कारण दवाखाना गाठायचा म्हणजे दिवस मोडायचा, आणि तिचा दिवस मोडला की कोयत्याचा दिवस मोडला.

हंगाम संपवून गावी आल्यावर ती खाजगी डॉक्टरकडे जाते. सरकारी दवाखान्यात तपासायला कुणी असेलच याची खात्री नसते. डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका. तिचं वय तिशी-पस्तिशीचं, दोन-तीन मुलं झालेली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकलेलं. दुखणं जाईल, पाळी जाईल, खाडे जातील. वीस-तीस हजार लागतात, ते पुढच्या हंगामाच्या उचलीतून येतात. ज्या कामानं दुखणं दिलं त्याच कामाला उभं राहता यावं म्हणून अवयव काढायचा, आणि त्याचं कर्ज फेडायला पुन्हा त्याच फडात उतरायचं. इतक्या लवकर हे ऑपरेशन झालं, त्यातही अंडाशयं काढली गेली, की हाडं लवकर झिजतात, सांधे धरतात, झोप उडते. डोक्यावरची मोळी मात्र तेवढीच जड असते.

अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानात विचारलं होतं: समता हवी यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण समता कशाची? उत्पन्नाची, वस्तूंची, की समाधानाची? त्यांनी या तिन्हींवर हरकत घेतली. माणूस प्रत्यक्षात कसं आयुष्य जगू शकतो, त्याच्यासमोर कोणते मार्ग खरोखर खुले आहेत, हे पाहा, असं ते म्हणाले. पुढे याच विचाराला क्षमता-दृष्टिकोन म्हटलं जाऊ लागलं. सेन उपवास आणि उपासमारीचं उदाहरण देतात. आपल्याकडे आषाढीला निर्जळी धरणारी बाई आणि घरात दाणा नाही म्हणून उपाशी झोपणारी बाई शेजारी शेजारी राहत असू शकतात. पोटात गेलेलं अन्न मोजलं तर दोघी सारख्याच ठरतील. एकीला जेवता आलं असतं, दुसरीला नाही, हा फरक त्या मोजणीत येतच नाही.

ऑपरेशनचंही तसंच आहे. शहरातली पगारदार बाई याच तक्रारीसाठी दोन डॉक्टरांचं मत घेते, सोनोग्राफी करून घेते, वर्षभर गोळ्या घेऊन पाहते, रजा काढून विश्रांती घेते आणि तरीही गुण आला नाही तर गर्भाशय काढायचा निर्णय घेते. ऊसतोडीच्या बाईसमोर मधलं काहीच नसतं. एका बाजूला हंगामभर दुखणं आणि खाडे, दुसऱ्या बाजूला ऑपरेशन. दोघींच्या संमतीपत्रावरचा मजकूर एकच असेल, पण त्या दोन सह्यांची किंमत एक नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. बाईनं विचार करून घेतलेल्या निर्णयाला खोटं ठरवणारे आपण कोण? तिला आपलं हित कळत नाही असं म्हणणं हा तिचा अपमान नाही का? आहे, जर आपण तिच्या बुद्धीवर शंका घेत असू तर. तिच्यासमोर असलेल्या दोन वाटांपैकी तिनं कदाचित शहाणपणाचीच वाट निवडली. तपासायची आहे ती तिची अक्कल नव्हे, त्या वाटा दोनच का होत्या हे तपासायचं आहे. फडाजवळ पाणी, आडोसा, भरपगारी रजा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असताना एखादीनं हेच ऑपरेशन निवडलं, तर तो तिचा हक्क आहे आणि तिथे कुणी तोंड घालू नये.

याच मुद्द्याला लागून आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त अस्वस्थ करते. पिशवी काढली, बरं झालं, कटकट गेली, असं सांगणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या समाधानाचं काय करायचं? सेन यांनी इथे एक जुनी पाहणी पुढे आणली होती. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधवा आणि विधुरांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं गेलं. ४८.५ टक्के विधुर म्हणाले, आम्ही आजारी आहोत. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या निघाल्या फक्त २.५ टक्के. बंगालमधल्या विधवेच्या वाट्याला त्या काळात काय येत होतं हे माहीत असणारा कुणीही असं मानणार नाही की विधवा विधुरांपेक्षा ठणठणीत होत्या. आपल्याला काही मागता येतं हेच ज्यांना कधी शिकवलं गेलं नाही, त्या दुखण्याला दुखणं म्हणत नाहीत. म्हणून लोकांना विचारून समाधान मोजणं हा लोकशाहीचा मार्ग वाटला तरी सगळ्यात दबलेल्या माणसावर तो सगळ्यात जास्त अन्याय करतो. बाईनं तक्रार केली नाही, हा शासनाच्या फायलीत पुरावा होऊ शकत नाही.

आता आपण विकास कसा मोजतो ते पाहा. देशाच्या उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा १३ टक्क्यांहून अधिक आहे आणि राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायचं ध्येय सरकारनं समोर ठेवलं आहे. या मोजणीत गर्भाशयाचं ऑपरेशन जमेच्या बाजूला पडतं. दवाखान्याचं बिल, औषधांची विक्री, सगळं उत्पन्नच. ती बाई निरोगी राहिली असती तर राज्याचं उत्पन्न तेवढ्यापुरतं कमी भरलं असतं.

उत्पन्नाच्या या आंधळेपणावर तोडगा म्हणून पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल काढला. आयुर्मान, शिक्षण आणि राहणीमान यांचा मिळून एक निर्देशांक. माणसाचं आयुष्य एका आकड्यात बसवणं सेन यांना पटत नव्हतं; उत्पन्नाच्या आकड्याशी टक्कर घ्यायला तितकाच ठोकळ आकडा लागतो, असा हक यांचा आग्रह होता आणि सेन यांनी तो अखेर मानला. हक बरोबर होते असं मला वाटतं, कारण त्या एका आकड्यानं सरकारांना शरम वाटायला लावली. २०१० पासून विषमतेची वजावट करून वेगळा निर्देशांकही निघतो. २०२५ च्या अहवालात भारत १९३ देशांत १३० वा आहे, निर्देशांक ०.६८५, विषमतेची वजावट केली की त्यातला ३० टक्क्यांहून जास्त भाग गळून पडतो. हे कळणं महत्त्वाचं आहे. पण पस्तिशीत गर्भाशय गमावलेली बाई सत्तर वर्षं जगली, चौथीपर्यंत शिकलेली होती आणि तिच्या कोयत्याची मजुरी वाढली, तर तिच्यावर काय गुजरलं याची खूण याही निर्देशांकात उमटत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी क्षमतांची यादी करताना शरीराचं आरोग्य आणि शरीरावरचा स्वतःचा अधिकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या त्या याच कारणानं. एकीची कमतरता दुसरीतून भरून काढता येत नाही, पैशातून तर नाहीच.

महाराष्ट्राला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही, कारण माणसांच्या क्षमता कशा वाढवतात हे याच साखरेनं दाखवून दिलं आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या काळात कारखान्यांभोवती शाळा उभ्या राहिल्या, महाविद्यालयं आली, दवाखाने आले, रस्ते आणि उपसा सिंचन आलं. लहान शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला, मुलगी डॉक्टर झाली. हे फक्त उसाला दर मिळाला म्हणून झालं नाही. पैशाचं रूपांतर शिकण्यात, बरं होण्यात, सभेत उभं राहून बोलण्यात व्हावं अशी व्यवस्था जाणीवपूर्वक बांधली गेली. सभासदाला मत होतं, म्हणून त्याचं ऐकावं लागलं.

त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी बाई सभासद नाही. ती कारखान्याची कामगारही नाही, कारण हजेरीपटावर तिचं नाव नसतं. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम तिच्या नवऱ्याशी. चार पायऱ्यांच्या या उतरंडीत तिचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. सहकारानं एका वर्गाच्या क्षमता किती वाढवल्या याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याच दारातून दुसऱ्या वर्गाला इतकी वर्षं आत येऊ दिलं नाही याचा राग आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या इमारतीत तिच्या मोळ्यांचा वाटा आहे.

मालकाची जबाबदारी कुठवर, हा वादही आपल्याकडे जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणी आणि कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची मदत देणारं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं ते म्हणाले. खर्चाचा भार मालकानं का उचलावा, यावरचं त्यांचं उत्तर आजही तसंच्या तसं लागू पडतं: बायकांना कामावर ठेवण्यात त्याला पुरुषांपेक्षा जास्त फायदा दिसतो म्हणून तो त्यांना ठेवतो, तेव्हा त्या फायद्याबरोबर येणारा खर्चही काही अंशी त्याचाच. कायदा १९२९ मध्ये झाला. शतक उलटत आलं तरी फडातली बाई बाळंत होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मोळी उचलते.

दर वाढवा, बाकीचं आपोआप होईल, असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यात मजुरांच्या बाजूनं मनापासून लढणारेही आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ती वाढ न्याय्यच होती, अजून व्हायला हवी. पण वाढीव पैसा जातो कोयत्याच्या खात्यात, म्हणजे नवऱ्याच्या हातात, तोही मुकादमानं उचल कापून घेतल्यावर. त्यातून फडावर संडास बांधला जात नाही. दुसऱ्याच्या रानात, चार महिन्यांसाठी, कुठली बाई आपल्या मजुरीतून संडास बांधणार? आणि दर वाढला की मोडलेल्या प्रत्येक दिवसाचं नुकसानही वाढतं. पाळीच्या दिवसांत घरी बसणं महाग होतं. म्हणजे बाकी काही न बदलता फक्त दर वाढवला, तर ज्या दबावानं ती ऑपरेशनकडे ढकलली गेली तो कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

दुसरा उपाय झाला तो निर्बंधांचा. खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बीडमध्ये बंधनकारक केलं गेलं. हे आवश्यक होतं आणि त्यामुळे काही बेफाम दवाखान्यांना चाप बसला असेल. मात्र परवानगी नाकारलेली बाई दुखणं घेऊन पुन्हा फडात जाते. तिच्याकडून एक मार्ग काढून घेतला, नवा दिला नाही. २०१९ नंतरही बीडमधून अशा बातम्या येत राहिल्या आहेत.

मुलींचं काय होतं हे इथे थोडक्यात तरी लिहायलाच हवं. आई-बाप तोडीला गेले की मोठी मुलगी एकतर धाकट्यांना सांभाळायला कोपीवर जाते किंवा गावात आजीजवळ राहते, आणि तिच्या सुरक्षिततेच्या काळजीनं घरचे तिचं लग्न लवकर उरकतात. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यात १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २२ टक्क्यांच्या जवळ होतं, बीडमध्ये ते ४० टक्क्यांच्या वर. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणं, पंचविशीपर्यंत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, तिशीत पिशवी. गर्भाशय काढण्याची वाट शाळा सुटते त्या दिवशीच सुरू होते.

आणि ही साखळी तोडता येते, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू झालं. पुढे त्यातून मागास तालुक्यांत मुलींना गावातून शाळेत नेणाऱ्या निळ्या एसटी बस धावू लागल्या. शाळा होती, शिक्षक होते, फी नव्हती, तरी पाच-सात किलोमीटरचा निर्जन रस्ता मुलीला घरी बसवत होता. बसनं तो रस्ता मोकळा केला. मुलीच्या बापाला तेवढेच पैसे रोख दिले असते तर ती शाळेत पोचली असती का? संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, तीही याच विचाराची. ती सगळी वसतिगृहं स्वतःच्या इमारतीत, पूर्ण क्षमतेनं, मुलींच्या पुरेशा सुरक्षेसह चालवणं हे राज्यातल्या कुठल्याही उड्डाणपुलापेक्षा तातडीचं काम आहे.

बाईपुरतं बोलायचं तर काय हवं ते अवघड नाही. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं स्वतंत्र नाव आणि तिच्या खात्यात तिची अर्धी मजुरी. पाळीच्या, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाडा न धरता भरपाई. टोळी जिथे उतरेल तिथे पाण्याचा टँकर, फिरते संडास, पाळणाघर. आठवड्यातून एकदा फडावर येणारी, स्त्री-डॉक्टर असलेली गाडी. महाराष्ट्रानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्या योजनेच्या कामांवर, दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईच्या तान्ह्यासाठी सावलीची आणि प्यायच्या पाण्याची सोय करणं सरकारनं आपलं कर्तव्य मानलं. ते दुष्काळी कामावर शक्य वाटलं असेल तर साखरेच्या हंगामात का नाही?

पैशाची अडचण सांगितली जाते, तेव्हा हिशेब करून टाकू. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे असं ठरलं. राज्यात साधारण वर्षी ९ ते १० कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे शंभर कोटींच्या आसपास, सरकारचे तितकेच. दहा लाख मजूर धरले तरी वर्षाला माणशी दोन हजार. एवढ्यात वरचं काहीच होणार नाही. पण एक टन उसातून सुमारे शंभर किलो साखर निघते, तेव्हा टनामागे १० रुपये म्हणजे साखरेच्या किलोमागे १० पैसे. हा वाटा टनामागे ५० रुपये केला तर किलोला ५० पैसे पडतील आणि सरकारचा हिस्सा धरून वर्षाला हजार कोटींच्या जवळ रक्कम उभी राहील. मजुरीचा पुढचा करार होईल तेव्हा संघटनांनी दराच्या ओळीखाली ही तरतूद लिहून घ्यावी, खर्चाच्या देखरेखीवर ऊसतोड करणाऱ्या बायकांची निम्मी समिती असावी, आणि साखर खाणाऱ्या आपण सगळ्यांनी ते पन्नास पैसे द्यायला तयार आहोत असं आत्ताच, मोठ्यानं सांगावं.